उभ्या प्रोटॉनचा एक

गणित सुटलं की भाऊ जाणार, असा आमचा करार होता. तो मीच केला होता, आणि मोठ्या ऐटीत केला होता.

त्या वर्षी मी दहावीत गेले होते. वर्गात बेचाळीस मुलगे आणि मी एकटी, तरी गणितात पहिली! आधी फळ्याजवळ जायचं मी टाळायचे. आता मास्तरांनी नाव घ्यायच्या आत मी खडू उचलून मोकळी. हे सगळं महावीरभाऊमुळे. तो नागपूरला बी.एस्सी. करत होता. सुटीत रिसोडला आला की बाबांच्या कापडदुकानामागच्या खोलीत कॅरमच्या सोंगट्या घेऊन मला प्रोटॉनची टक्कर शिकवायचा. एक सोंगटी उभी, दुसरी येऊन धडकते, दोघी काटकोनात फाकतात.

"पण प्रकाशाच्या वेगाजवळ गेलं की काटकोन राहत नाही, तारे," तो मला म्हणायचा. "कोन मिटत जाते."

१९५५च्या उन्हाळ्यात तो पास होऊन आला, ट्रंक आत ठेवली, पाणी प्यायला आणि म्हणाला, मला दीक्षा घ्यायची आहे. कारंज्याला जैन मुनींचा संघ होता. आषाढात क्षुल्लक, म्हणजे मुनी होण्याआधीच्या पायरीवरचा साधू, व्हायचं, घर सोडायचं, संघाबरोबर पायी फिरायचं.

तीन दिवस गेले. मग बाबा हो म्हणाले, मग रडत रडत आईही. आमच्यात दीक्षा घेणाऱ्याने आधी घरातल्या प्रत्येकाची क्षमा मागायची आणि अनुमती घ्यायची असते. राहिले मी.

"मी नाही देत," मी म्हटलं.

"मंग कधी देशीन?"

"तू दिलेलं ते शेवटचं गणित सुटल्यावर."

"आन् सुटलंच नाही तं?"

"तं नको जाऊ."

भाऊ हसला. "बरं. पण सुटल्यावर मंग नाही म्हणू नको."

गणित असं होतं. एका प्रोटॉनची ऊर्जा, तो स्थिर असताना जेवढी असते तिच्या पाचपट आहे. तो उभ्या प्रोटॉनवर आदळतो. टकरीत ऊर्जा जराही वाया जात नाही. दोघं सारखी ऊर्जा घेऊन दोन बाजूंना जातात. दोघांमधला कोन किती?

मी ते दुसऱ्याच दिवशी सोडवलं. न्हाणीत, अंगावर पाणी घेताना, मनातल्या मनात. सुटलं तेव्हा इतकी हरखले की तांब्या हातातून पडला. मग तिथेच बसून रडले. तोंड पुसून बाहेर आले आणि पाटीवर लिहिलं, नव्वद.

"चूक," भाऊ म्हणाला.

मग रोज एक नवी चूक. पंचेचाळीस. एकशे वीस. एकदा तर तीनशे! ज्येष्ठ संपत आला. गणितात एवढी ढ पोरगी पाहून आईला जन्मात पहिल्यांदा माझं कौतुक वाटत होतं. "घाई नको करू माय," ती हळूच म्हणायची, "सावकाश होऊ दे."

एका संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आत जेवायला बसायचं म्हणून आई ताटं मांडत होती. बाबा थट्टेनं म्हणाले, "अवो, आपली पहिल्या नंबरची पोरगी एवढ्याशा गणितात अटकून राह्यली!" मी ते गिळलं. भाऊने पाटी ओढली.

"आण इकडे. मीच दाखोतो. येणाऱ्याची ऊर्जा पाच. टक्कर झाली, दोघांत वाटली. अडीच, अडीच. अडीचचा वर्ग सव्वासहा..."

"थांब! उभा आहे त्याचा एक कुठी गेला?"

"तो तं नुसता उभा आहे. त्याचं काय मोजायचं?"

"नुसता उभा असला म्हणून काय झालं?" मी पाटी हिसकावली. "त्याचा एक त्याच्याजवळ आहेच ना! पाच आन् एक सहा, दोघांले तीन-तीन. तीनचा वर्ग नऊ, त्यातून एक गेला, आठ. आठ हा एकेकाच्या संवेगाचा वर्ग. येणाऱ्याचा पंचवीस वजा एक, चोवीस. चोवीसातून दोन आठ गेले, उरले आठ. कोसाईन आलं अर्धं. साठ अंश! भाऊ, साठ!"

मी उभी होते. पाटी डोक्यावर धरलेली, जशी वर्गात धरते तशी.

आईच्या हातातली पळी वरणात तशीच राहिली. बाबा जमिनीकडे बघत होते. आणि मग माझ्या लक्षात आलं. बी.एस्सी.ला पहिल्या वर्गात पास झालेला माणूस उभ्याचा एक विसरत नसतो.

भाऊने हात जोडले. "तारामती, माह्याकडून तुह्यं मन दुखलं असन तं क्षमा कर. अनुमती दे."

त्याने मला कधी पूर्ण नावाने हाक मारली नव्हती. मी हो म्हटलं. करार होता.

कारंज्याला त्याने स्वतःच्या हाताने स्वतःचे केस उपटले. त्यानंतर त्याला भाऊ म्हणायचं नाही, लांबून 'इच्छामि' म्हणून हात जोडायचे, असं आईने मला मोटारीत तीन वेळा शिकवलं. स्वतः मात्र दोनदा महावीर म्हणाली.

पौषात संघ रिसोडला आला. सकाळी साधू आहार घ्यायला निघाले की जैनांच्या दारोदार माणसं कलश घेऊन उभी राहतात आणि म्हणतात, "स्वामी, अत्र तिष्ठ, तिष्ठ." म्हणजे इथे थांबा, थांबा. कोणाच्या दारी थांबायचं, ते प्रत्येक साधूने आधीच मनात ठरवलेलं असतं. अख्खा उन्हाळा मला एवढंच म्हणायचं होतं, आणि मी नव्वद नि एकशे वीस लिहीत बसले होते.

तो आला. डोकं मुंडलेलं, हातात मोरपिसांची पिच्छी, नजर चार हात पुढच्या जमिनीवर.

"अत्र तिष्ठ, तिष्ठ!" मी ओरडले.

"हळू वो," आई कुजबुजली.

त्याचे पाय जरा मंदावले, निदान मला तरी तसं वाटलं. मग तो शेजारच्या दारी गेला.

आईने माझ्या हातातला कलश घ्यायला हात पुढे केला. मी दिला नाही.

"तू जाय," मी म्हटलं. "मी अजून थोडा वेळ उभी राहतो."