बाहीएवढं अंतर

मी एक जुना पृथ्वीगोल आहे. शिंप्याच्या दुकानात दोऱ्याच्या रिळांशेजारी बसतो. वरच्या अंगाला जरा चेपलोय. हसू नका, तुमचंही वय होणार आहे.

मित्रांनो, माझ्या पुठ्ठ्याच्या अंगावर छापील कागदाच्या पट्ट्या अशा बेमालूम चिकटवल्या होत्या, की जोड शोधून सापडेना. म्हणूनच शिंप्याने मला पसंत केलं, त्याच्या लेकीसाठी. पोरगी माझ्यावर बोट फिरवून जग शिकली आणि नर्स होऊन पार माझ्या पाठीकडच्या देशात नोकरीला गेली. मग मी दुकानात आलो. गिऱ्हाईक आलं की शिंपी गळ्यातली टेप माझ्यावर ताणायचा.

“हे आपलं गाव, हे लेकीचं. लांब बाहीएवढं अंतर! विमानात बसली की आलीच.”

गिऱ्हाईक माना डोलवायचं, मी फुगायचो. पण मला तोंड असतं तर सांगितलं असतं, की बाबा रे, त्या टेपेखाली दोन समुद्र दडपलेत.

पुढे शिंपीण आजारी पडली. जन्मभर काजं-बटणं करणारी बाई, सुई धरवेना. म्हणाली, “पोरीला बोलवा.”

“आत्ता कशाला? तिची रजा फुकट जाईल. गरज लागली की येईल. बाहीएवढं तर अंतर.”

“गरज म्हणजे काय? मी गेल्यावर?”

शिंपी हसण्यावारी न्यायला गेला, पण त्याला हसू आलं नाही. तरी फोन केला नाहीच. शेवटी डॉक्टरच म्हणाले, जवळच्यांना बोलावून घ्या. तेव्हा केला.

“बाबा, थेट विमान नाही,” लेक म्हणाली. “मधे उतरून दुसरं धरायचं. घरी पोचायला दीड दिवस लागेल.”

“दीड दिवस? अगं, पण टेपेवर तर...”

“विमानं तुमच्या टेपेवरून उडत नाहीत हो, बाबा!”

शिंप्याने मला घरी आणून पलंगाशी ठेवलं. लेकीच्या गावावर टाचणी खोचली. तिचा निरोप आला की टाचणी पुढे सरके. मधल्या विमानतळावर धुकं पडलं, विमानं अडकली. टाचणी हलेना.

“ढकला की पुढे,” शिंपीण डोळे मिटूनच म्हणाली.

“ढकलून येत असती तर केव्हाच आणली असती.”

शेवटी लेक आली. खांद्यावरची पिशवीसुद्धा न उतरवता आईपाशी वाकली. शिंपिणीने मोठ्या कष्टाने डोळे उघडले.

“हात बाहीत घालायला एवढा वेळ, गं?”

लेक हसली आणि हसताहसताच रडली. शिंपीण दिवस मावळेपर्यंत लेकीचा हात धरून होती. मग पकड सुटली.

आता मी पुन्हा दुकानात आहे. गिऱ्हाईक लेकीची चौकशी करतं. शिंपी टेपेला हात लावत नाही. “लांब असते,” एवढंच म्हणतो आणि कात्री चालवतो.

मित्रांनो, मला खुशाल गरागरा फिरवा, माझ्यावर देश शोधा. पण माझ्यावर अंतर मोजून आपल्या माणसाला ‘नंतर ये’ म्हणू नका. मी लहान आहे, वाट लहान नाही. पटत नसेल तर माझ्या अंगावर बोट फिरवा. टाचणीची बारीक भोकं लागतील. मधल्या विमानतळाचं मात्र चांगलंच मोठं झालंय. तिथली टाचणी तो सारखी उपसत होता आणि पुन्हा तिथेच खोचत होता.