पार्कातली शेड आणि शशिधरची फुगडी

मित्रांनो, माझ्या पायरीवर बसून दोन शेजारी एकदा चक्रमासारखी पैज लावून बसले. डॉक्टर शशिधर म्हणाला, "कौन्सिलचा तो हॉब्स तुमचा मलिदा हाताने खाऊन वर परत मागेल, तर मी पार्कातल्या बँडस्टँडच्या चौथऱ्यावर नऊवारी नेसून फुगडी घालीन." एलिएझर म्हणाला, "आणि नाही मागितला तर मी घालीन. लाव हात."

मी एक जुनी लाकडी शेड. लीड्सच्या एका पार्कात, बदकांच्या तळ्यामागे उभी. मला बांधलं क्रिकेटवाल्यांनी. मॅचच्या दिवशी माझं कोण कौतुक! मग क्रिकेट बंद पडलं आणि माझ्यात मोडक्या खुर्च्या नि उंदीर राहायला आले. वारा सुटला की मी नखशिखांत कुरकुरायचे. एका जागी उभं राहायचं आणि कुणी यायचं नाही, ह्याच्यासारखी तगमग नाही, बाळांनो.

मग ही मराठी माणसं आली. कपड्यांच्या फॅक्टरीतला एलिएझर झिराडकर आणि त्याची बायको फ्लोरा, दोघं मुंबईचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. आणि हॉस्पिटलातला शशिधर. त्यांनी मला खरवडलं, रंगवलं, छप्पर शाकारलं. रविवारी पोरांचा मराठीचा क्लास, संक्रांतीला हळदीकुंकू, आणि शनिवारी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विसाव्याचा पवित्र दिवस, संपला की मलिदा. म्हणजे भिजवलेले पोहे, गूळ, फळं आणि पाकिटातलं खोबरं, कारण लीड्सात नारळ कुठला? सगळे हिशेबाशिवाय खायचे.

अडुसष्टच्या डिसेंबरात कौन्सिलने ठरवलं, शेड वापरात नसेल तर पाडायची. हॉब्स बघायला येणार होता. एलिएझरने मोठ्या तोऱ्यात सांगून टाकलं, शनिवारी चारला या, तेव्हा आम्ही सगळे असतो.

सगळे होते हो! पण अंधारात. शब्बाथ होता ना. आकाशात तीन तारे दिसेपर्यंत दिवा लावायचा नाही, काडी ओढायची नाही, दुसऱ्याकडूनही लावून घ्यायचा नाही. आणि वर लीड्सचे ढग, तारे कसले दिसतायत! हॉब्स दारात आला, काळोखात कोटात गुरफटून बसलेली माणसं बघितली आणि "भकास आहे" असं काहीसं पुटपुटून निघून गेला. माझ्या फळ्या अशा थरथरल्या की फ्लोराला वाटलं वारा सुटला.

एलिएझर डोकं धरून बसला. "माझीच मती गेली होती, शनिवार सांगितला."

शशिधर बाहेर गेला आणि मान वर करून येरझाऱ्या घालायला लागला. फ्लोरा दारातून म्हणाली, "अरे, ढग हटले, दिवा लागला आणि तो हॉब्स परत फिरला, तर तू हरायचास की."

"आधी शेड राहू दे, वहिनी. फुगडीचं मग बघू."

थोड्या वेळाने तो ओरडला. तळ्यावरचे ढग फाटले होते, एक, दोन, तीन. एलिएझरने खात्री करून घेतली, प्रार्थना म्हटली, दिवा लागला, स्टोव्ह पेटला. माझ्या काचांतून उजेड बाहेर सांडला.

तिकडे गेटवाल्या वॉल्टरने अंधार पडला म्हणून नेहमीसारखं कुलूप ठोकलं होतं. हॉब्स आतच अडकला! पार्कात दिवा दिसत होता तो फक्त माझा. आला कुडकुडत. एलियाहू हनाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं गाणं चालू होतं. फ्लोराने चहा दिला, ताट पुढे केलं. चमचे तर घरी राहिले होते. हॉब्सने इकडे तिकडे बघितलं, हाताने घास घेतला. मग दुसरा. मग रिकामं ताट पुढे करून बसला.

एलिएझरने शशिधरकडे नुसतं बघितलं.

चहा संपल्यावर हॉब्स म्हणाला, हे गाणं बाहेर ऐकू येतं, तुम्ही इथे आहात एवढं मी कौन्सिलला सांगीन. मला पाडलं नाही, मित्रांनो. तुमच्याही गल्लीत एखादी जागा अशी पडून असेल, तर तिला पाडायच्या आधी जरा दार उघडून आत डोकावा.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बँडस्टँडभोवती अर्धं लीड्स जमलं. शशिधर फ्लोराच्या नऊवारीत, पदर खोचून उभा. जोडीला कुणी मिळेना, तर वॉल्टरच किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून पुढे आला. दोघांनी हात धरले, पाय जोडले आणि गरगर फिरले. कासोटा सुटला तरी डॉक्टर थांबला नाही.