वर्षातून एकदा बंद होणारा दरवाजा

मी मागच्या अंगणाचा दरवाजा बोलतोय. बोलतोय म्हणजे आपला कुरकुरतोय. पुढच्या दाराचा थाट वेगळा, त्याच्याकडे पाहुणे येतात. माझ्यातून जाणारे सगळे घाईतले.

मला बाइंडरकाकांनी बसवून घेतलं. ते पुस्तकं बांधायचे. हातांना कायम खळीचा वास. त्यांचं अंगण दोन गल्ल्यांच्या मधोमध. शेजारचे लाँड्रीवाले कपड्यांचे गठ्ठे घेऊन आमच्या अंगणातून पलीकडच्या गल्लीत जायचे, तेवढाच वळसा वाचायचा. काका कधी नाही म्हणाले नाहीत.

मात्र वर्षातला एक दिवस ते मला सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुलूप लावत. त्यांना एका वकिलानं सांगून ठेवलं होतं, की दुसऱ्याच्या जागेतून कुणी वीस वर्षं न विचारता, बिनबोभाट ये-जा केली, तर त्या वाटेवर त्याचा हक्क होतो. एक दिवस अडवलं, की जागा कुणाची ते सगळ्यांच्या लक्षात राहतं. लाँड्रीवाले हसत म्हणायचे, "आज काकांचं अंगण रुसलंय," आणि मुकाट्यानं वळसा घालायचे. त्या दिवशी मी जरा ऐटीत असायचो, खोटं कशाला सांगू?

काका वारले. पुढच्या वर्षी तो दिवस आला, तेव्हा काकू कुलूप घेऊन माझ्यापाशी उभ्या राहिल्या. तेवढ्यात लाँड्रीवाले खांद्यावर गठ्ठे घेऊन समोर आले. काकांच्या आजारपणात याच माणसानं धावपळ केली होती. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी कुलूप पदराआड लपवलं. ते पुन्हा कधी बाहेर निघालं नाही.

बघता बघता एकवीस वर्षं झाली. खांद्यावरचे गठ्ठे हातगाडीवर गेले, हातगाडी जाऊन टेंपो आला. चाकं घासून माझी एक कड झिजली. मग काकूंची लेक संसार मोडून शिलाई मशीनसकट माहेरी आली. अंगणात दोन खोल्या बांधायच्या, एकीत राहायचं, दुसरीत शिवायचं, एवढंच तिच्या हाती उरलं होतं. तिनं चुन्यानं खोल्यांची आखणी केली. दुपारी टेंपो त्यावरून गेला, आणि आठवड्याभरात लाँड्रीवाल्यांनी वाटेसाठी दावा लावला.

काकूंचा वकील अंगणात खुर्ची टाकून तीनदा घोकून घ्यायचा. परवानगीनं वापरलेली वाट कितीही वर्षांनी हक्काची होत नाही, तेव्हा 'आमच्या परवानगीनं जात होते' एवढंच म्हणा. काकू मान डोलवायच्या.

कोर्टात काय झालं ते लेकीच्या तोंडून कळलं. लाँड्रीवाले समोर खाली मान घालून बसले होते. त्यांच्या वकिलानं परवानगीचं विचारलं, तर काकू म्हणाल्या, "परवानगी कसली? घरच्यासारखे ते. त्यांनी कधी विचारलं नाही, आम्ही कधी अडवलं नाही."

झालं. त्या भलेपणानं घात केला. निकाल लागला: वाट मोकळी ठेवा, बांधकाम नको, दरवाजाही काढा.

"आई, असं का बोललीस?" लेकीनं माझ्याजवळ उभं राहून विचारलं.

 काकू म्हणाल्या, "माणूस समोर बसलेला असताना, मी तुझ्यावर उपकार केले, असं कसं म्हणायचं गं?"

 महिनाअखेर लेक मशीन घेऊन दूरच्या कारखान्यात कामाला गेली. अजून आलेली नाही. येईल कुठे?

मला बिजागऱ्यांतून उपटून भिंतीला टेकवलंय. पावसानं फळ्या फुगल्यात. काल काकू धुणं वाळत घालायला बाहेर आल्या. दोरीपुढे टेंपो आडवा उभा. स्वतःच्या पायरीवर ओली बादली धरून त्यांनी चालकाला विचारलं, "भाऊ, जरा येऊ का?"

तो फोनवर होता. त्यानं हातानंच थांबायला सांगितलं, आणि त्या थांबल्या.

काकू, माझं एवढं ऐका. मला फोडून चुलीत घाला. इथं टेकवून हे बघायला ठेवू नका.