मान हलली की बाद

अमेरिकेत, हर्नडनमधला हॉल आमच्या मंडळाला फुकट मिळाला, म्हणून अध्यक्ष दादाराव काकांनी अटी न वाचताच सही ठोकली. हॉल घानाच्या एफुआ अन्सा यांचा. जमिनीच्या कागदांवर बायकांची नावं लागावीत म्हणून त्या आयुष्यभर भांडल्या, उतारवयात इथे आल्या आणि जाताना हॉल ठेवून गेल्या. सभेत बायका नवऱ्यांनी पढवलेलं बोलतात, हे त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं. म्हणून अट अशी: आधी एका बाईने माईकवर स्वतःची इच्छा सांगायची, मगच पुरुषांनी बोलायचं. ती बोलताना एकाही पुरुषाची मान हलली, तर इच्छा त्याची धरायची आणि बाद.

अट राबवायला एफुआबाईंची भाची अराबा शिट्टी घेऊन आमच्याकडे तोंड करून बसली होती.

२००६चा महिला दिन. वक्ते पाच, पाचही पुरुष. त्रिशरण-पंचशील झाल्यावर रमाबाई काकू माईकवर म्हणाल्या, सर्वांनी जेवून जावं. दादाराव काकांची मान डोलली. शिट्टी. मुलांनी घरी मराठी बोलावं, असं नीलाला वाटत होतं. पुरुषांची अख्खी रांग डोलली. आमच्या पुरुषांना मान डोलावल्याशिवाय ऐकूच येत नाही, त्याला कोण काय करणार? तासाभरात अकरा बायका बाद झाल्या. प्रसाद नावाच्या विद्यार्थ्याला तर कुणीतरी मानेभोवती घट्ट मफलर गुंडाळला. वरण गार होत होतं आणि मला हसू आवरत नव्हतं.

माझ्या पर्समध्ये ओहायोच्या पीएचडी प्रवेशाचं पत्र होतं. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं, आणि माझ्या नवऱ्याला, प्रफुल्लला, मी तीन आठवडे काहीच सांगितलं नव्हतं. डिपेंडंट व्हिसावर चार वर्षं घरात बसून मला अशी सवय लागली होती की तोंडातून ‘जाते’ निघेना, ‘जाऊ का’ एवढंच यायचं. त्या सवयीचाच मला राग होता.

आता मी एकटीच उरले होते. उठले.

“मी ऑगस्टमध्ये ओहायोला पीएचडी करायला जाणार आहे. एकटी.”

हॉलमध्ये एकही मान हलली नाही. अराबाने वहीत काहीतरी लिहिलं आणि पुरुषांना परवानगी दिली. पहिला वक्ता प्रफुल्लच होता. विषय, स्त्री आणि शिक्षण. त्याने कागद उघडलाच नाही.

“सोनल, मी नाही म्हणालो असतो का?” त्याने माईकवरच विचारलं.

“नसतास म्हणाला,” मी म्हणाले. “पण मला विचारावं लागलं असतं.”