फुलायच्या नावाचं धान्य

फुलायच्या सिडोलीचा निरोप अकोल्याला वकिलांच्या घरी पोचला, तेव्हा अनसूयाबाई पापड लाटत बसल्या होत्या. निरोप आणला तो वकिलांचे जुने पक्षकार, हिवरखेडचे वामनराव यांनी. "बाजारात मेळघाटचे कोरकू भेटले. म्हने, बाईले सांगजा," इतकंच ते म्हणाले. अनसूयाबाईंनी लाटणं तिथंच टाकलं आणि ट्रंक खाली काढली.

सिडोली म्हणजे गेलेल्या माणसाला पूर्वजांत नेऊन बसवण्याचा कोरकूंचा सोहळा. त्याच्या नावाची सागाची कोरीव पाटी करून गावाबाहेरच्या झाडाखाली उभी करायची. मग सारं गाव नाचतं, जेवतं.

अनसूयाबाईंचे वडील मेळघाटातल्या जंगलनाक्यावर कारकून होते. बाळंतपणात आई गेली, आणि त्या रानात ना दाई ना गाय. पलीकडच्या झोपडीत फुलाय नुकतीच बाळंत झाली होती. तिनं न बोलवता येऊन पोर उचललं आणि पदराखाली घेतलं. पुढं नऊ वर्षं कुटकीचा भात तिच्याच हातचा. नंतर वडिलांची बदली अमरावतीला झाली, शाळा आली, सोवळं आलं, वकील नवरा आला, आणि मेळघाट मागं पडला तो पडलाच.

बापूसाहेब वकील सोबत निघाले खरे, पण कुरकुरत. अकोटपर्यंत मोटार होती तोवर बरं चाललं. पुढं बैलांच्या दमणीच्या धक्क्यांनी त्यांची कंबर आणि जीभ दोन्ही मोकळी झाली. "जायचं, हात जोडायचे, परत यायचं. तिथं पाण्याचा थेंबसुद्धा घ्यायचा नाही. आपल्या कुंदाचं स्थळ तोंडाशी आलंय आणि ती अमरावतीची मंडळी भारी कर्मठ. हे कानावर गेलं तर मोडतील."

अनसूयाबाई ऐकत नव्हत्या. रस्त्याकडेला मोहफुलं पडली होती आणि तो गोड, जडसा वास त्यांच्या नाकातून थेट पोटात उतरत होता. फुलाय त्यांना टोपली देऊन फुलं वेचायला धाडायची. त्या आणि फुलायची लेक मुंगी. अर्धी टोपलीत, अर्धी तोंडात. आठवण अशी अंगावर आली की त्यांना दमणीतून उडी मारून पळत सुटावंसं वाटलं. पन्नाशीला आलेल्या वकीलिणीनं असं काही करायचं नसतं, म्हणून त्या बसून राहिल्या.

गावानं मात्र त्यांना अगदी वकीलीणच मानलं. अंगणात खाट टाकली, वर धुतलेली घोंगडी. निराळी चूल मांडली, कोरं मडकं आणलं. मुंगी सुपात शिधा घेऊन आली. डोकं पांढरं झालं होतं, पण डोळे तेच.

"तांदूळ हाय, दाळ हाय, बाईसाहेब. पानी बामनाच्या विहिरीचं तं भेटत नाई, झऱ्याचं आनलं. तुमच्या हातानं रांधून घ्या," असं म्हणून तिनं सूप खाली ठेवलं आणि ती चार हात मागं सरकली.

तो मान पाहून बापूसाहेब खूष झाले. अनसूयाबाईंना मात्र तो झोंबला. शिवी दिली असती तरी इतकं लागलं नसतं.

समोर बाया पीठ मळत होत्या. ढोल वाजत होता, बासरी तेच जुनं वळण घेत होती. चटईवर धान्याची रास वाढत होती. या घरची रीत अशी की फुलायचं जे जे माणूस, त्यानं आपलं धान्य राशीत ओतायचं आणि त्याच राशीचं सगळ्यांनी जेवायचं. राशीपाशी गावचा भुमका, म्हणजे पुजारी, पुंजाराम बसला होता. येईल त्याला विचारत होता, "फुलायचा कोन?" कोणी भाऊ, कोणी नातू. पाहुण्यांना तो काही विचारत नव्हता.

अनसूयाबाईंनी सूप उचललं.

"अगं, कुठं निघालीस?" बापूसाहेब दबक्या आवाजात म्हणाले. "त्यात ओतलंस तर त्यांच्यातच जेवावं लागेल."

"तुमच्या डब्यात दशम्या आहेत."

"आणि कुंदाचं काय?"

"माझं अंग फुलायच्या दुधावर वाढलंय. कुंदा माझ्याच पोटची. धर्म बुडायचा तो पहिल्या घोटालाच बुडाला. अमरावतीच्या पाहुण्यांना तेच सांगा, म्हणजे पुढं भानगड नको."  त्या थांबल्या नाहीत.

राशीपाशी जाऊन त्यांनी सूप पालथं केलं. ढोलवाला हात आखडून बघतच राहिला.

"फुलायची कोन?" पुंजारामनं विचारलं.

वाटभर जुळवलेलं उत्तर अनसूयाबाईंना आता पुरेना. मुलगी म्हणावं, तर मरणाला आले नाही. पाहुणी म्हणावं, तर जीव तुटत होता. 

"इचारतं काय, बुवा?" मागून मुंगीचा खणखणीत आवाज आला. "मायच्या एका अंगाले मी पेत होती, दुसऱ्या अंगाले हे. माही बहीन हाय." मग ती अनसूयाबाईंवर वळली. "आन् तू व अनू, कवाची खाटेवर बसून राहिली! एवढं पीठ कोन मळन, तुहा वकील?"

अनसूयाबाईंनी पदर खोचला आणि डोळे पुसायलाही न थांबता त्या परातीपुढं बसल्या.