सुग्रीव मार खातो त्याची फिल्म

घाटनांदूरच्या एका शाळेनं 'दादागिरीमुक्त शाळा' या विषयावर फिल्म करायची ठरवली, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद नववीतल्या पवनला झाला. सुग्रीव रोज मधल्या सुट्टीत कसा बुकलतो, हे त्याच्या पाठीइतकं शाळेत कुणालाच माहीत नव्हतं. पडद्यावर गुंड दिसला की सुग्रीव लाजेल आणि आपल्याला मारायचा थांबेल, एवढीच त्याची आशा.

पण सुग्रीवचे वडील अंगदराव संस्थेचे अध्यक्ष. अध्यक्षांचा पोरगा व्हिलन कसा दाखवायचा? चित्रकलेचे बिभीषण सर डायरेक्टर झाले होते, त्यांनी तोडगा काढला. सुग्रीव हिरो. आता दादागिरीवरच्या फिल्ममधला हिरो म्हणजे मार खाणारा. मग मारणारा पवन.

"सर, मला मारता येत न्हाई."

"रोज इतक्या जवळून बघतोस की रे," सर म्हणाले.

शूटिंगला अंगदराव कार्यकर्ते घेऊन आले. कॅमेऱ्याच्या आधी बॅनर लागला. पवननं माशी हाकलावी तसा सुग्रीवच्या गालाला हात लावला. सुग्रीव ओठ न हलवता पुटपुटला, "लागलं तर बघ बे संध्याकाळी."

अंगदराव खुर्चीतून ओरडले, "पोराला रडूच येईना! नीट हाण की! अन्याय दिसला पायजे!"

"खरंच हाणू, साहेब?"

"अध्यक्ष सांगायलाय ना तुला!"

पवननं डोळे मिटले आणि हाणली. सुग्रीव असा भोकाड पसरून रडला, की कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि शाल-नारळ देऊन तिथंच त्याचा सत्कार केला. गाल लाल होता तोवर फोटोही उरकले.

फिल्म अंबाजोगाईत दाखवली तेव्हा बाया पदरानं डोळे पुसत होत्या. गावच्या चौकात सुग्रीवचा बॅनर झळकला : 'सहनशील युवा व्यक्तिमत्त्व'. अंगदरावांनी त्याला घरी दम भरला, "बॅनर हाय तोवर कुणावर हात उचलायचा न्हाई."

पवन मधल्या सुट्टीत पहिल्यांदाच अख्खा डबा खाऊ लागला. शाळेच्या समितीनं त्याला बोलावून समज दिली, पुरावा म्हणून फिल्म लावली. त्यानं माफी मागून टाकली. शेजारच्या कडूबाई त्याच्या आईला म्हणाल्या, "पोराला आवर गं, लई मारकुटं झालंय." त्याचंही त्याला काही वाटलं नाही. डबा पोटात जात होता.

मग एका दुपारी बिभीषण सरांनी त्याला बोलावलं.

"साहेबांना दुसरा भाग पायजे. कार्यकर्ते म्हणायलेत, साहेबांचा पोरगा किती दिवस मार खाणार? या भागात सुग्रीव बदला घेतो. अन् पहिल्या भागात तू खरं हाणलंस, आता खोटं हाणलं तर पब्लिक ओळखतंय."

व्हरांड्यात सुग्रीव बाह्या सरसावून खांबावर तालीम करत होता. खांबाचा रंग उडायला लागला होता.

पवननं खांबाकडं बघत विचारलं, "सर, कट कोण म्हणणार?"

"साहेब म्हणतील. माजलगावची मीटिंग उरकून येतो म्हणाले. तोवर चालू ठेवा म्हणाले."