नाव सांगून बोला

तुळसाबाईला दिसत होतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण साऱ्या गावाला हे सांगता सांगता बिचारीच्या जिभेला फोड यायचे तेवढे बाकी राहिले होते. ती सुईत दोरा ओवायची, डाळीतला बारीक खडा वेचायची. माणसाचं नाक दिसे, डोळे दिसत, मिशा दिसत. फक्त ते सगळं मिळून कोणाचं तोंड आहे, एवढंच काही केल्या कळत नव्हतं.

झालं असं की मागच्या हंगामात ती कापसाने भरलेल्या गाडीवर बसून सरकी काढायच्या जिनाकडे निघाली होती. नाल्यात चाक आदळलं आणि तुळसा वरून खाली, डोकं थेट दगडावर. बरेच दिवस शुद्ध नव्हती. शुद्धीवर आली ती उशाशी बसलेल्या बाईला म्हणाली, "बाई, तुमी कोण?" ती बाई म्हणजे तिची सासू कस्तुराबाई! रात्रंदिवस उशाशी बसून सुनेला पाणी पाजलं, आणि सून विचारते तुमी कोण. ते तिने जे मनाला लावून घेतलं ते घेतलंच. जखम भरली, तिच्यावर केस उगवले, पण कस्तुराबाईचा राग काही उतरला नाही.

तुळसा हातपाय गाळणारी नव्हती. तोंडं गेली तर गेली, आवाज होते, चाली होत्या. तिने माणसं दुसरीकडून धरली. सासू उठली की तिचा गुडघा वाजायचा. जाऊ रुख्मिणी पायातले तोडे आपटत यायची. नवरा जगदेव लाल पागोटं बांधायचा आणि डावा पाय जरा फेकत चालायचा. घरात तिचं काही अडत नव्हतं. अडत होतं ते लोकांचं! जो तो पुढे येऊन विचारणार, "तुळसाबाई, ओळखा पाहू मी कोण?" अरे, तुला तुझं नाव ठाऊक नाही का बाबा?

आणि खरं दुखणं वेगळंच होतं. लग्न होऊन आली तेव्हापासून रिसोडचा बाजार तुळसाचा होता. आठवड्यातला तो एक दिवस ती आपल्या मनाने चालायची, घासाघीस करायची, चार बायांशी बोलायची. पडल्यापासून बाजाराची थैली रुख्मिणीकडे गेली. रुख्मिणी गूळ आणायची तो काळा आणि चिकट, मीठ आणायची त्यात निम्मी माती. तरी ती शहाणी, आणि तुळसा वेडी! शेवटी एका बाजारच्या सकाळी तुळसाने थैली रुख्मिणीच्या खुंटीवरून ओढली आणि उंबऱ्यात उभी राहिली.

"आत्याबाई, आज मी जाईन. एकटी."

कस्तुराबाई गुडघा वाजवत उठली. "जा. सारं सामान आन. अन् मंग गाडीपाशी येऊन आपल्या माणसाले ओळख. तो हाक मारणार नाई. ओळखलं तं थैली तुही. नाई तं जलमभर रुख्मिणीची, पुन्हा बाजाराचं नाव काढाचं नाई."

मग ती लेकाकडे वळली. "अन् तू रे जगदेव, तोंडातून शबुद काढशीन तं पाह्य!"

जगदेव मान खाली घालून 'हो' म्हणाला. आईपुढे त्याची मान दुसरीकडे वळतच नसे. तुळसाने त्याच्या लाल पागोट्याकडे एकदा नीट पाहून घेतलं. "कबूल," ती म्हणाली.

बाजाराच्या कडेला चिंचेखाली जगदेवने गाडी सोडली आणि तुळसा थैली घेऊन निघाली. चार पावलं गेली नाही तोच एक माणूस वाटेत आडवा. "ओळखा पाहू मी कोण?"

"शालिग्राम," तुळसा म्हणाली. "बोलल्यावर तं आंधळंही ओळखते. सरक तिकडं."

पुढे एक जण नुसताच बत्तीशी दाखवत उभा राहिला, काही बोलेना. ती त्याला वळसा घालून गेली. मीठवाल्याला कोणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं, की हिच्या डोक्याला लागलं आहे. त्याने तोंड कानाजवळ आणून ओरडायला सुरुवात केली, "मी-ठ पाह्यजे का बाई? मी-ठ?"

"कान शाबूत हाये माहे!" तुळसा कडाडली. "डोकं दगडावर आपटलं, कान नाई. अन् ते वरचं नको देऊ, खालचं कोरडं दे."

गूळवाल्याने तर कहर केला. तिच्याशी न बोलता शेजारच्या अनोळखी बाईलाच विचारलं, "हिले किती पाह्यजे?" तुळसाचं डोकं असं तापलं की तिथेच गुळाचा पाक व्हावा. तरी तिने भेली फोडायला लावली, खडा चाखून पाहिला, पिवळाधमक गूळ थैलीत टाकला. सासूचा तंबाखूही घेतला, सासू कशीही असो.

उरल्या फक्त लेकीच्या बांगड्या. भागीची जुनी बांगडी मापाला कनवटीला होती. बांगड्यांच्या दुकानापुढे ती पोचली तोच आतून आवाज आला, "आओ तुळसाबाई. मैं हुस्नाबानो. लई दिवसानं आल्या."

नुसतं एवढंच. कोणी सांगितलं नव्हतं, विचारलं नव्हतं, तरी तिने आपलं नाव आधी सांगितलं. तुळसा कनवटीची बांगडी काढता काढता थांबली.

"तुमाले कोणी सांगतलं वं, नाव सांगाचं?"

"सांगाचं काय त्यात? अब्बाचे डोळे गेले होते ना म्हातारपणी. घरात सारेच नाव सांगून बोलत होतो. त्याले काय पैसे पडते?" हुस्नाबानोने हिरव्या बांगड्या मापाला लावून कागदात बांधल्या. तुळसाला वाटलं, हिच्या ओट्यावर बसून पोटभर रडावं. पण ऊन कलायला लागलं होतं, आणि अजून नवरा ओळखायचा होता.

इकडे जगदेवला काय अवदसा आठवली, देव जाणे. दिवसभर मुकं राहायचं म्हणून कंटाळलेला गडी कापडाच्या दुकानात शिरला आणि पांढराशुभ्र नवा फेटा घेऊन बाहेर आला. तो तिथेच बांधला, लाल पागोटं गाडीतल्या कडब्याखाली खुपसलं, आणि बैलांपाशी जाऊन ऐटीत उभा राहिला. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. बायकोने पाहावं आणि खूश व्हावं, एवढंच. कपाळ त्याचं!

तुळसाने बैल लांबूनच ओळखले. एवढ्या गाड्या सुटल्या होत्या, पण धवळ्याने तिला पाहून कान टवकारले, तोंड वळवलं, आणि पोवळ्या हंबरला. बैलांची तोंडं तिची कधी गेलीच नव्हती. पण लाल पागोटं कुठेच दिसेना. धवळ्याच्या मानेवर हात ठेवून भलताच कोणी पांढऱ्या फेट्याचा माणूस उभा होता, आणि हसत होता. तिने चिंचेभोवती चक्कर मारली, गाड्यांच्या रांगा पाहिल्या, डावा पाय फेकणारं कोणी येतंय का पाहिलं. कोणी नाही. परत आली तर त्या माणसाने पोवळ्याचा कासरा खुंट्यावरून सोडला होता!

"ए भाऊ, कोन तू? सोड तो कासरा."

तो माणूस आणखीच हसला.

"दात हाये तं जीभ नाई काय? काहून बैल सोडून राह्यला?"

तो गप्प. मग मात्र तुळसाने थैली खाली ठेवली आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असा गळा काढला. "धावा रे! बैलचोर! बैलचोर!"

माणसं धावली. रतनसिंग नावाच्या दांडग्या गाडीवानाने जगदेवची मानगूट धरली. आता तरी गड्याने बोलावं की नाही? पण लग्नाची बायको तोंडासमोर चोर म्हणते, ह्या धक्क्याने त्याची दातखीळच बसली होती.

"बाई, मालक कोन बैलाचा?" रतनसिंगने विचारलं.

"आमच्या घरचे."

"घरचे म्हंजे कोन? नाव सांग."

बाई नवऱ्याचं नाव कशी घेणार? इतक्या वर्षांत तिने ते कधी ओठावर आणलं नव्हतं. गर्दीतून कोणीतरी खिदळलं, "उखाण्यात घ्या, बाई, उखाण्यात!" सगळे हसले. इथे डोळ्यांदेखत बैल चालले आणि ह्यांना उखाणे सुचतात! सकाळपासूनचा संताप तिच्या टाळूला भिडला.

"जगदेव!" ती ओरडली. "इंद्रभानचा जगदेव! त्याचे हाये हे बैल!" एका दमात नवऱ्याचं नाव घेतलं आणि सासऱ्याचंही.

पांढऱ्या फेट्याखालून घोगरा आवाज आला, "अवं, मीच तो."

तो आवाज! हजारात ओळखला असता तिने. रतनसिंगचा हात सुटला, गर्दी पोट धरधरून हसू लागली, आणि तुळसाच्या डोळ्यांना रागाने पाणी आलं.

"मंग मघापासून मुके काहून उभे होते?"

"मायनं सांगतलं होतं... अन् तू बैल ओळखते, अन् मले नाई?"

"बैल मान हालवते, हंबरते. तुमी खांबासारखे उभे! अन् पागोटं कोठी गेलं? मी रोज कशानं ओळखतो तुमाले, कधी इचारलं काय? एक शबुद बोलले असते तं धावत आली असती मी!"

 जगदेवने कधीच विचारलं नव्हतं. तो खाली वाकला, थैली उचलून गाडीत ठेवली आणि बैल जुंपले.  वाटभर तुळसा थैली मांडीवर धरून बसली होती. पैज हरली होती, आता ही थैली जन्मभर रुख्मिणीची.

दारात कस्तुराबाई वाटच पाहत होती. थैलीत हात घालून तिने गूळ पाहिला, मीठ पाहिलं, तंबाखू हुंगला. खोट काढायला जागा सापडेना, तशी लेकाकडे वळली. "ओळखलं काय तिनं तुले?"

 जगदेव पहिल्यांदाच आईकडे मान वर करून पाहत होता.

"मले माह्या तोंडावरून नाई ओळखलं," तो म्हणाला. "मी मुकं उभं राह्यलो, ते माहं चुकलं. पुन्हा नाई राह्यणार. थैली तिची हाये, माय." आणि तुळसाच्या हातातली थैली घेऊन त्याने ती खुंटीवर अडकवली, रुख्मिणीच्या नव्हे, तुळसाच्या खुंटीवर. कस्तुराबाई काही म्हणायच्या आत तो बैल बांधायला निघून गेला.

दिवेलागणीला तुळसा चुलीपाशी भाकरी थापत होती. दारात अंधारून आलं, कोणीतरी येऊन उभं राहिलं. पांढरा फेटा होता की लाल पागोटं, ते धुरात दिसत नव्हतं. तिने मान वर केली. तो माणूस खाकरला, शाळेत पहिल्या दिवशी पोराने सांगावं तसा चाचरत म्हणाला, "मी. जगदेव."

"या," तुळसा म्हणाली, आणि पाट पुढे सरकवला.